देशी म्हणजे कुठल्या ओढ्याचं?

सकर मासा घरातून गेला त्या दिवशी टाकीत नुसती झाडं उरली. आणला तेव्हा तो करंगळीएवढा होता. "काच साफ ठेवतो मॅडम, बाकी काही त्रास नाही," असं दुकानदार म्हणाला होता. चार वर्षांत तो फूटभर झाला. रात्री दोनला टाकीत वळायचा, शेपटी काचेवर आपटायची आणि हॉलमधल्या दिवाणावरून अण्णा ओरडायचे, "कोण आहे रे?" काच त्याने पहिले सहा महिने साफ केली असेल. मग गोळ्या आयत्या मिळतात हे त्याला कळलं आणि उरलेला वेळ तो झाडं उपटण्यात घालवू लागला.

"नदीत सोडून द्या की" असं मला किमान तिघांनी सुचवलं. मासा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखत, परांना काटे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हेच सकर येतात, जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. ते सगळे कोणाच्या तरी हॉलमधूनच निघालेले असणार. मी आणखी एकाची भर घालणार नव्हते. महिनाभर विचारपूस केल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या सहा फुटी टाकीसाठी तो नेला. बादलीतून जाताना त्याने मला भिजवलं, हा निरोप समारंभ.

माझी टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने १६० लिटर, पण तळाची माती-वाळू आणि वरचं रिकामं बोट सोडलं तर पाणी १३० लिटरच. खाली चाळलेली लाल माती, वर दोन इंच जाड वाळू. झाडांत मागे वॅलिस्नेरियाच्या लांब पट्ट्या, एका कोपऱ्यात हायड्रिला, समोर क्रिप्टोकोरीन, मध्ये रोटालाचा झुपका. आता मासे आणायचे ते आपल्याकडचेच, असं मी ठरवलं. म्हणजे नक्की कोणते, हे मात्र ठरलेलं नव्हतं, आणि त्यात पुढचे आठ महिने गेले.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला आता सोळा वर्षं झाली. त्यांचं लहानपण भोरच्या पुढे, वेळवंडीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी गेलं. पंचा दोघांनी धरून पाण्यात बुडवायचा आणि तिसऱ्याने वरून मासे हाकलायचे, हा त्यांच्या सुट्टीचा खेळ. मी फोनवर माशांची लॅटिन नावं वाचत बसले होते, त्यात "गारा मुल्या" आलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"मळ्या! अगं, दगडाला चिकटतो तो. त्याला इंग्रजांनी पण मळ्याच ठेवलं?"

ठेवलं होतं खरंच. कर्नल साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि १८३९ मध्ये इथल्या माशांवर त्याचा निबंध छापून आला. नव्या माशांना नावं देताना त्याने लोकांच्या तोंडचे शब्द उचलले आणि सरळ लॅटिनच्या पंगतीत बसवले. गारा मुल्या, मिस्टस सींगटी, हिप्सेलोबार्बस कोलुस, टोर खुद्री. शिंगटी ओळखायला अण्णांना अर्धा सेकंद लागला. त्याच्या आधी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर लिहिणाऱ्या हॅमिल्टननेही तेच केलं होतं. "डॅनिओ" हे नाव बंगालीतल्या "धानी"वरून आलंय, धानी म्हणजे भातखाचरातला. मला हे इतकं आवडलं की मी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि त्यावर यादी सुरू केली. सत्तावीस नावं झाली. पुढचं काम खोडायचं.

टोर खुद्री पहिल्याच झटक्यात गेला. महसीरचं पिल्लू हातात धरलं तर जीव जडावा असं दिसतं, पण तो मीटरभर वाढणारा मासा आहे. आत्ताच एका सकरला निरोप दिला होता. शिंगटीही गेली, तिला बाकीचे मासे हे जेवण वाटतं. मरळ तर अण्णांनीच हसत खोडली: "टाकीत ठेवायची, का तव्यावर?"

मिस केरळ खोडताना जीव वरखाली झाला. लाल-काळा पट्टा, टोकदार अंग, झाडांच्या हिरव्यासमोर तिच्याइतकं काही उठून दिसत नाही. पण ती पाच इंचांच्या पुढे जाते, थव्याने राहते आणि तिला पोहायला चार-पाच फूट सलग लांबी लागते. शिवाय ती केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांतच आहे. निर्यातीसाठी तिची इतकी धरपकड झाली की ती धोक्यातल्या जातींत गेली, आणि २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत. विषय संपला.

नोव्हेंबरमध्ये आम्ही अण्णांच्या ओढ्यावर गेलो. मासे आणायला नाही, बघायला. सकाळी नऊला पाण्यात थर्मामीटर धरला तर २२ अंश. पाणी गुडघ्याच्या खाली, इतकं नितळ की दगडाखालचा पालापाचोळा मोजता यावा. अण्णा काठीवर रेलून दगडावर बसले, मी पालथी पडून बघत राहिले. पहिली दहा मिनिटं काहीच नव्हतं. मग डोळा बसला.

धार जिथे दोन खडकांमधून निसटत होती तिथे वरच्या थरात निळ्या-पिवळ्या रेघांचे मासे होते, बोटाएवढे, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. पोहत होते, पण जागच्या जागी. मध्येच एखादा सुळकन वर जाऊन काहीतरी टिपून परत रांगेत. हे देवारिओ, ज्यांना दुकानात जायंट डॅनिओ म्हणतात. धारेच्या बाजूला, जिथे उंबराची मुळं पाण्यात उतरली होती आणि पाणी संथ होतं, तिथे चपटे चांदीचे मासे, अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीकडे. हा टिक्टो. अण्णांसाठी हे सगळे "खवली". दगडांवर मळ्या चिकटलेला, शेवाळ खरवडत एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारल्यासारखा सरकत होता. आणि वाळूत? वाळूत काहीच नव्हतं, मी काडी टोचेपर्यंत. मग वाळूचाच एक तुकडा हलला, दोन इंच पुढे गेला आणि पुन्हा वाळू झाला. तो लोच.

म्हणजे तीन मजले आणि प्रत्येकाचा आपापला भाडेकरू. माझ्या सत्तावीस नावांच्या यादीत हे कुठेच नव्हतं. मी रंग बघून नावं लिहिली होती.

थोडं खाली, देवळाजवळच्या टाकीचं पाणी ओढ्याला मिळतं तिथे, आणखी एक मासा दिसला. नर रंगीत, मादी फुगीर. गप्पी. कुणीतरी कधीतरी डासांसाठी सोडलेले. त्या पन्नास पावलांच्या टप्प्यात मला एकही टिक्टो दिसला नाही. गप्पींमुळेच गेले असं छातीठोक सांगता येणार नाही, तिथलं पाणीही साबणाचं होतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

परतताना त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, माझ्या मुलाला पलीकडे उभं करून त्यांनी पहिल्याच दमात दोन मासे काढले. पंच्यात एक टिक्टो आणि एक लोच, दोघेही थरथरणारे. "ने की घरी. आमच्याच ओढ्याचे आहेत." पिशवी गाडीत होती, बॅटरीवरचा एअरपंपसुद्धा होता. मी नाही म्हटलं. सह्याद्रीच्या ओढ्यांत अजून नवीन जाती सापडतात. आंबोलीचा शिस्टुरा हिरण्यकेशी हा लोच २०२० मध्ये पहिल्यांदा शास्त्रात नोंदला गेला आणि दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने त्याच्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. पंच्यात थरथरणारं ते दोन इंची तपकिरी काहीतरी साधा लोच आहे का दुसरं काही, हे मला ओळखता येत नव्हतं. अण्णांना माझं म्हणणं फारसं पटलं नाही, पण त्यांनी पंचा पाण्यात उलटा केला.

मग दुकानं. तीन महिने दर रविवारी. "देशी मासे आहेत का?" या प्रश्नावर मला मिळालेली उत्तरं: एक, "मॅडम, सगळे देशीच आहेत, इम्पोर्टेड महाग पडतात." दोन, चमकणारा गुलाबी झेब्रा डॅनिओ, कारण झेब्रा भारतातला. भारतातला खराच, पण त्याचा गुलाबी रंग प्रयोगशाळेत दुसऱ्या प्राण्याचं जनुक घालून आणलेला. तीन, झेब्रा लोच.

झेब्रा लोचपाशी मी अडकले. पिवळ्या अंगावर काळ्या बारीक पट्ट्या, जणू कोणी टाक घेऊन उभ्या रेघा ओढत बसलंय. बोटिया स्ट्रियाटा. हा मासा फक्त सह्याद्रीतला, १९२० मध्ये त्याचं वर्णन केलं ते तुंगा नदीतल्या नमुन्यावरून. कृष्णेच्या वरच्या फाट्यांमध्ये, कोल्हापूरकडे मिळतो. म्हणजे टाकीसाठी याच्याहून घरचा मासा शोधूनही सापडला नसता. वर माझ्या टाकीत बारक्या गोगलगायींचा सुळसुळाट, आणि त्या हा आवडीने खातो. १८० रुपयांना एक. मी सहा मागितले, दुकानदाराने जाळी बुडवली, आणि मी विचारलं, "हे कुठून आले?"

"कोलकात्याहून येतो माल."

कृष्णेचा मासा, कोलकात्यामार्गे पुण्यात. टाकीत पैदास केलेला का नदीतून उचललेला, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याने तसं सरळ सांगितलं. हा मासा घरच्या टाकीत सहसा अंडी देत नाही. आणि जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. मी "राहू द्या" म्हटलं. त्याने जाळी झटकली आणि माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा त्या दुकानात जायला मला महिना लागला. आजही कुठे दिसला की मी काचेपाशी थांबते. हवा तर आहेच.

यादीतली बाकीची नावं भराभर गेली. मळ्या मला फार हवा होता, नावासाठी तरी. पण त्याला धार लागते, भरपूर ऑक्सिजन लागतो, आणि ओल्या काचेवर चढून तो टाकीबाहेर येतो. आला तर परत जात नाही. पट्टेरी पँचॅक्स वरच्या थरात राहतो, डोक्यावर चमकता ठिपका, दिसायला देखणा, पण तोंडात मावेल ते सगळं त्याचं. केरळचा वाटाण्याएवढा पफर गोगलगायींचा फडशा पाडतो आणि मग दुसऱ्यांचे पर कुरतडतो. लाल बॅडिस उत्तर बंगाल-आसामकडचा, जेमतेम दोन सेंटिमीटर, माणकासारखा. तो जिवंत खाद्याशिवाय उपाशी मरतो, आणि दुकानात बहुतेक नरच मिळतात, कारण मादीला रंग नसतो म्हणून कोणी घेत नाही.

वायतुरा लाव, असं एका मैत्रिणीने सुचवलं. पाणवनस्पती आहे, आपल्या साताऱ्याची आहे, फूल सुंदर. सगळं खरं. पण तो कासच्या पठारावर पावसाळ्यापुरता उगवतो, बाकीचे महिने कंदात झोपतो, आणि जगात फारच थोड्या सड्यांवर उरलाय. कासवरून कंद उपटून आणणाऱ्या मुलीचे वडील म्हणून अण्णांना ओळखलं जावं अशी माझी इच्छा नाही. झाडांच्या बाबतीत तशीही मी एवढी कडवी नाही. माझी क्रिप्टोकोरीन श्रीलंकेची आहे.

पहिली खरेदी झाली फेब्रुवारीत. दहा टिक्टो, पंचवीस रुपयांना एक. दुकानदाराने खात्रीने सांगितलं, टिक्टोच. निळ्या टबमध्ये चार आठवडे वेगळे ठेवले, कारण पूर्वी एकदा हा कंटाळा करून मी अख्खी टाकी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला दिली होती. टबात ते फिक्कट होते. टाकीत सोडल्यावर आठवड्याभरात नर असे रंगले की अण्णांनी चष्मा लावला. डोळ्यापासून शेपटीपर्यंत भडक लाल पट्टा.

"हे आमच्या ओढ्यातले नव्हेत."

"अण्णा, विणीच्या वेळी नर लाल होतो टिक्टोचा."

"होतो. असा नाही होत. हे नाटकातले वाटतात."

मी पैजेवर फोटो मोठा करून बघितला. टिक्टो नराच्या पाठीच्या परावर काळे ठिपके असतात. यांच्या पोटाखालच्या परांवरही होते. दोन दिवस वाचून लक्षात आलं की हा ओडेसा बार्ब. १९७० च्या दशकात काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहराच्या बाजारात हे मासे दिसले, आले कुठून ते कोणाला माहीत नाही. बरीच वर्षं लोक त्यांना टिक्टोचाच प्रकार समजत होते. पुढे ते म्यानमारमध्ये सापडले आणि २००८ मध्ये त्यांना स्वतंत्र जातीचं नाव मिळालं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याच्या यादीत ते टिक्टोच होते. पण अडीचशे रुपये आणि पाच आठवडे घालून मी म्यानमार घरी आणलं होतं. मामेभावाची टाकी तेव्हा रिकामी होती, त्याने ते आनंदाने नेले. त्याला देशी-विदेशीशी देणंघेणं नाही, त्याला लाल आवडतो.

त्याच सुमारास देवारिओ आले. आठ. खवल्यांवर निळी रेघ, तिच्या आजूबाजूला सोन्याच्या तुटक रेघा, आणि ही ऊर्जा. संध्याकाळी दिवा लागला की टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत. तीन फूट त्यांना कमीच पडतात हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मी स्वतःला समजावलं. टाकीवर काचेचं झाकण होतं, फक्त मागे फिल्टरच्या नळीसाठी चार बोटांची फट.

सकाळी झाडू मारताना दिवाणाखालून एक देवारिओ निघाला. आधी मला ते सुकलेलं पान वाटलं. टाकीपासून चांगला सात फुटांवर. अंग ताठ, डोळा आत गेलेला, निळी रेघ मात्र अजून तशीच, आणि शेपटीपासून मुंग्यांची रांग भिंतीकडे. त्या चार बोटांतून तो कसा निघाला ते मला आजही कळत नाही. दोन दिवसांनी दुसरा. मी फटीत स्पंज कोंबला, मग फिल्टर तापू लागला, मग जाळी बसवली. जाळीला रात्रभर टकटक ऐकू यायची. आठवड्याने मी उरलेले सहा दुकानात परत दिले, पैसे मागितले नाहीत. ओढ्यात तोंड प्रवाहाकडे करून जागच्या जागी उभे असलेले ते मासे मला आठवत होते. माझ्या टाकीत त्यांना उभं राहायला प्रवाहच नव्हता, म्हणून ते धावत होते.

मग आमच्या घरात खरा वाद झाला. मध-गुरामीवरून. इवलासा, मधाच्या रंगाचा, शांत मासा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. झाडांनी भरलेली टाकी त्याला स्वर्गच. मला तो घ्यायचा होता.

अण्णा म्हणाले, "देशी म्हणजे काय? ब्रह्मपुत्रेचा मासा पुण्यात पाहुणाच की. तुझा तो ओडेसावाला काय आणि हा काय."

"अण्णा, तो परदेशी होता."

"माशाला पासपोर्ट असतो का? मुळा-मुठा भीमेला जाते, नीरा भीमेला जाते, भीमा कृष्णेला. हे आपलं पाणी. वरंध्याच्या पलीकडे उतरलं तर पाणी समुद्राला, तिथले मासेही वेगळे. आसाम तर लांबच राहिलं." पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस खोऱ्यांची भाषा बोलणारच.

मी हट्टाने एक जोडी आणली. टाकीतलं पाणी तोवर मी ओढ्यासारखं करून ठेवलं होतं: फिल्टरचा फवारा आडवा, पृष्ठभाग हलता, उन्हाळ्यात वरून पंखा लावून दोन-तीन अंश थंड. गुरामी हवा वरून गिळणारा, संथ कोमट पाण्याचा मासा. तो जोडीने कोपऱ्यातल्या हायड्रिलाच्या मागे जाऊन बसला आणि तिथेच राहिला. नर बुडबुड्यांचं घरटं बांधायचा, सकाळपर्यंत लाट ते मोडायची. पाच दिवस मी हे बघितलं. मग गुरामीसाठी बाल्कनीच्या सावलीत वेगळी मातीची कुंडी केली, फिल्टर नाही, वर तरंगती झाडं. तिथे घरटं टिकलं. अण्णांनी त्यावर काहीही म्हटलं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पाण्याविषयी एकच सांगते. आमच्याकडे नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ८०-९०. उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते तेव्हा तोच आकडा ४०० च्या पुढे जातो, आणि टँकर आला की क्लोरीनचा वास बाथरूमपर्यंत. आदल्या दिवशीच्या मीटरवर विसंबून पाणी बदललं तर मासे दुसऱ्या दिवशी पर अंगाला मिटून बसतात. म्हणून आता प्रत्येक वेळी मोजते, आणि मार्च ते जून चौथा हिस्सा न बदलता आठवा हिस्साच बदलते.

खरे टिक्टो शेवटी एप्रिलमध्ये मिळाले, दुकानात नाही. सातारा रस्त्याला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे. ते गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात चौथ्या पिढीची पैदास करतात. त्यांनी पैसे घेतले नाहीत, बदल्यात वॅलिस्नेरियाची रोपं मागितली. बारा मासे. हौदात बघितले तर राखाडी, दोन ठिपके, विशेष काही नाही. मुलगा म्हणाला, "आई, हे तर बोअरिंग आहेत." घरी सोडल्यावर तीन दिवस ते मुळांमागे लपून होते. चौथ्या दिवशी बाहेर आले, पाचव्या दिवशी रोटालाची कोवळी टोकं चाखली, आणि तिथेच थांबले. याआधी एका नातेवाइकाच्या टाकीत रोझी बार्बनी अख्खा रोटाला आठवड्यात देठापर्यंत आणलेला मी पाहिला होता, त्यामानाने हे सभ्य.

तळासाठी पाच साधे लोच, लेपिडोसेफॅलिक्थिस. नाव माशाहून लांब. यांना जाळीने धरू नये, डोळ्याखाली एक बारीक काटा असतो तो जाळीत गुंततो आणि सोडवताना मासा जखमी होतो. मी स्टीलच्या वाटीने धरते. पाच आणले, एका वेळी दोनाहून जास्त मला कधीच दिसले नाहीत. रात्री टॉर्च मारली की वाळूतून फक्त डोळे वर. वाळू मात्र ते सतत उकरतात, त्यामुळे तळाला घाण साचत नाही. सकरने चार वर्षांत जे केलं नाही ते.

वरचा मजला मी रिकामा ठेवलाय. पाहुणे विचारतात, "वर काहीच नाही?"

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी टाकीचं पाणी बदललं. दोन दिवस साठवलेलं, टाकीपेक्षा तीन अंश थंड. सकाळी साडेसहाला अण्णांनी मला उठवलं. पूर्वेच्या खिडकीतून तिरपा उजेड हायड्रिलावर पडला होता. राखाडी नरांच्या कुशीवर लाली चढली होती, नाटकातली नव्हे, विटेच्या रंगाची, आणि पाठीचा पर काळ्या ठिपक्यांसह ताठ. दोन नर एका मादीला झुपक्यात ढकलत होते. अंग अंगाला घासलं की ती थरथरायची आणि पानांमधून साबुदाण्याच्या चुऱ्यासारखं काहीतरी खाली झरायचं. मागून बाकीचे नऊ ते खायला हजर. आईबाप स्वतःही खात होते.

मी हायड्रिलाच्या दोन मूठभर फांद्या कापून निळ्या टबात टाकल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टबाच्या भिंतीला काचेच्या केसासारखे तुकडे चिकटलेले, प्रत्येकाला दोन काळे बिंदू. तिसऱ्या दिवशी ते पोहू लागले. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पाण्यात कालवून सुईच्या टोकाएवढा, दिवसातून तीनदा, आणि मुलगा गच्चीवरच्या जुन्या पिंपातून पाणपिसवा गाळून आणतो.

अण्णा रोज सकाळी चहा घेऊन टबापाशी बसतात आणि मोजतात. कालनिर्णयच्या त्याच पानावर, खोडलेल्या नावांच्या खाली, त्यांच्या अक्षरात आकडे आहेत: ४१, ३६, ३६, २९. आज सकाळी त्यांनी ३१ लिहिलं.

"वाढले कसे?" मी विचारलं.

"काल दोन पानामागे असतील."

मी मोजले तर सव्वीस भरले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.